पदवीधर महिलांच्या स्थानिक शाखेचा इतिहास लिहिताना काय नोंदवावे?

प्रश्न: माळरान

नमस्कार. मी गेली काही वर्षे अमेरिकेतील एका लहान शहरात राहते आणि ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेन’ या संघटनेच्या (यापुढे ‘एएयूडब्ल्यू’ असे लिहिते) तिथल्या शाखेची सभासद आहे. ही शाखा १९२० च्या दशकात सुरू झाली. शताब्दीनिमित्त एक पुस्तिका काढायचे कार्यकारिणीने ठरवले असून लेखनाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे.

शाखेचे दप्तर बऱ्यापैकी शाबूत आहे. बैठकांची हस्तलिखित इतिवृत्ते, खजिनदारांच्या जमाखर्चाच्या वह्या, वृत्तपत्रांतील कात्रणे चिकटवलेल्या जाड वह्या आणि बरीच छायाचित्रे असे साहित्य हाताशी आहे. पूर्वी सुवर्णमहोत्सवाच्या वेळी एक छोटी माहितीपत्रिका निघाली होती, परंतु तिच्यात अध्यक्षांची यादी, दरवर्षीच्या स्नेहभोजनांचा उल्लेख आणि दिलेल्या शिष्यवृत्त्यांची नोंद यापलीकडे फारसे काही नाही. ती वाचून या बायकांनी गावासाठी नेमके काय केले आणि ते का करावेसे वाटले, याचा काहीच उलगडा होत नाही.

माझ्यापुढे तीन अडचणी आहेत. मध्यवर्ती संघटनेचा इतिहास एवढा मोठा आहे की त्यातले किती घ्यावे आणि शाखेच्या गोष्टीशी ते कसे जोडावे, हे समजत नाही. दुसरे असे की जुन्या इतिवृत्तांत जवळजवळ प्रत्येक स्त्रीचा उल्लेख ‘मिसेस’ लावून नवऱ्याच्या संपूर्ण नावाने केलेला आहे. स्वतःच्या पदवीच्या बळावर सभासद झालेल्या स्त्रीचे स्वतःचे नावच कागदावर सापडत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, समाजकार्याचा भाग नुसती जंत्री होऊ न देता कसा लिहावा? संस्थांचे इतिहास लिहिण्याचा किंवा वाचण्याचा ज्यांना अनुभव आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १: सनावळी

आपण हे काम मनापासून करत आहात हे प्रश्नावरूनच दिसते. पहिल्या अडचणीबद्दल लिहितो.

मध्यवर्ती संघटनेचा इतिहास पुस्तिकेच्या आरंभी एका स्वतंत्र प्रकरणात कोंबू नये, असे माझे मत आहे. शाखेच्या दप्तरात जिथे मध्यवर्ती घडामोडीचा पडसाद दिसतो, तिथेच तेवढी पार्श्वभूमी द्यावी. मात्र उगमाची कथा सांगावीच लागेल, कारण शाखेच्या समाजकार्याचे बीज तिच्यात आहे.

२८ नोव्हेंबर १८८१ रोजी बॉस्टनमध्ये आठ महाविद्यालयांतून पदवी घेतलेल्या १७ तरुणी एकत्र जमल्या. मॅरियन टॅलबट आणि रसायनशास्त्रज्ञ एलन स्वॉलो रिचर्ड्स या दोघींचा त्यात पुढाकार होता. रिचर्ड्स या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळालेल्या पहिल्या स्त्री विद्यार्थिनी. पुढच्याच वर्षी ‘असोसिएशन ऑफ कॉलेजिएट अॅलम्नी’ ही संस्था रीतसर उभी राहिली. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाचे दरवाजे स्त्रियांना १८८३ मध्ये उघडले, हे लक्षात घेतले की हा काळ किती जवळजवळचा आहे ते कळते. शिकलेल्या स्त्रीने शिक्षण संपल्यावर काय करायचे, हा त्या १७ जणींपुढचा प्रश्न होता. पदवी हाती होती, पण तिचा उपयोग करून घेणारी व्यवस्था आजूबाजूला नव्हती.

त्यांचे पहिले मोठे काम मला फार मोलाचे वाटते. हार्वर्डशी संबंधित डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ मध्ये असे प्रतिपादन केले होते की उच्च शिक्षणाच्या ताणाने मुलींच्या शरीराची, विशेषतः प्रजननक्षमतेची हानी होते. या मताचा बराच बोलबाला झाला होता. त्याला भाषणांनी उत्तर देण्याऐवजी या स्त्रियांनी पदवीधर महिलांना प्रश्नावली पाठवली, ७०५ जणींची उत्तरे मिळवली आणि मॅसॅच्युसेट्सच्या श्रम-सांख्यिकी कार्यालयाच्या मदतीने १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ७८ टक्के स्त्रियांचे आरोग्य चांगले असल्याचे त्यातून दिसले. वाद पुराव्याने मिटवायचा, ही सवय संस्थेला तेव्हापासून लागली. आपल्या शाखेने गावातील शाळा, पाणी, वाचनालय किंवा शिक्षकांचे पगार यांविषयी कधी पाहणी केली असेल, तर तिची मुळे इथे आहेत असे निःशंक लिहावे.

बॉस्टनच्या शाखेचे आणखी एक उदाहरण आपल्याला उपयोगी पडेल. तिथल्या सभासदांनी १८८३ मध्ये घराच्या स्वच्छतेचा शास्त्रीय अभ्यास करणारे एक मंडळ काढले. गटारांची जोडणी, खोल्यांतील खेळती हवा, पिण्याचे पाणी असे विषय त्यांनी अभ्यासले आणि रिचर्ड्स व टॅलबट यांच्या संपादनाखाली गृहिणींसाठी एक मार्गदर्शिका १८८७ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रयोगशाळेतील ज्ञान स्वयंपाकघरापर्यंत नेण्याचा हा उद्योग होता. पुढे असंख्य गावांतील शाखांनी जे अभ्यासगट चालवले, त्यांचा नमुना हाच.

आपली शाखा १९२० च्या दशकातली आहे, म्हणजे तिचा जन्म नव्या नावाखाली झाला. १९०३ मध्ये दक्षिणेकडील राज्यांत महाविद्यालयीन स्त्रियांची एक वेगळी संघटना निघाली होती. ती आणि मूळ संस्था १९२१ मध्ये एक झाल्या, तेव्हापासून ‘एएयूडब्ल्यू’ हे नाव आले. त्याच वर्षी मेरी क्युरी अमेरिकेत आल्या, त्यांना एक ग्रॅम रेडियम भेट देण्यासाठी एक लाख डॉलर जमवण्यात आले होते आणि न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये विद्यापीठीन स्त्रियांनी त्यांचे भव्य स्वागत केले. त्या दशकात ठिकठिकाणी नव्या शाखा निघाल्या, त्यामागे हे उत्साहाचे वातावरणही होते.

प्रतिसाद २: दप्तरखाना

मी अभिलेखागारात काम करते, त्यामुळे नावांच्या प्रश्नाबद्दल सविस्तर लिहिते. हा प्रश्न किरकोळ समजू नका. पुस्तिकेतील निम्मा जीव त्यावर अवलंबून आहे.

इतिवृत्तात ‘मिसेस’ आणि पुढे नवऱ्याचे नाव असले, तरी सभासदत्वाच्या नोंदीत तसे चालत नसे. एएयूडब्ल्यूचे सभासद होण्यासाठी मान्यताप्राप्त महाविद्यालयाची पदवी दाखवावी लागे, आणि पदवी तर स्त्रीच्या स्वतःच्या, बहुधा माहेरच्या नावावर असे. म्हणून प्रथम सभासदत्वाचे अर्ज, पत्त्यांची कार्डे किंवा वार्षिक छापील सभासद-पुस्तिका शोधा. त्यात बहुतेक वेळा महाविद्यालयाचे नाव आणि पदवीचे वर्ष सापडते. या दोन गोष्टी मिळाल्या की त्या महाविद्यालयाचे वार्षिकांक आणि माजी विद्यार्थिनींच्या याद्या तपासता येतात. अशा याद्यांत माहेरचे आणि सासरचे नाव शेजारीशेजारी देण्याची पद्धत असल्यामुळे कोडे तिथेच सुटते.

कार्डे गहाळ असतील तर गावाच्या जुन्या निर्देशिका पाहा. त्यात पुष्कळदा घरमालकाच्या नावापुढे कंसात बायकोचे पहिले नाव आणि त्याचा व्यवसाय छापलेला असे. त्यानंतर जनगणनेची मूळ पत्रके आहेत. अमेरिकेत ती ७२ वर्षांनी खुली होतात, त्यामुळे १९५० ची पत्रके १ एप्रिल २०२२ पासून कोणालाही पाहता येतात. पत्ता जुळला की घरातील प्रत्येकाचे नाव, वय आणि प्रौढांचा कामधंदा समजतो. मृत्युलेखही अत्यंत उपयुक्त, कारण स्त्रीने संस्थेत केलेल्या कामाचा उल्लेख तिच्या हयातीतल्या बातम्यांपेक्षा तिच्या मृत्युलेखात अधिक सविस्तर येतो.

एक सूचना आग्रहाने करते. पुस्तिकेत प्रत्येक स्त्री तिच्या स्वतःच्या नावाने यावी. इतिवृत्तातला मूळ उल्लेख एकदा तळटीपेत द्यावा, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला माग काढता येईल. जिचे स्वतःचे नाव सगळे करूनही मिळत नाही, तिच्या बाबतीत तसे स्पष्ट लिहावे.

अविवाहित सभासदांकडे विशेष लक्ष द्या. १९२० ते १९४० या काळात अनेक शाखांचा कणा शाळांतील शिक्षिका होत्या, आणि अमेरिकेतील पुष्कळ शिक्षणमंडळे तेव्हा लग्न झालेल्या शिक्षिकेला नोकरीवर ठेवत नसत. म्हणजे एकाच बैठकीत दोन प्रकारच्या पदवीधर बसलेल्या असत: लग्नामुळे नोकरी सोडावी लागलेल्या आणि नोकरीसाठी लग्न न केलेल्या. शाखेच्या बैठका दुपारी होत की संध्याकाळी, यावरून कोणाची सोय पाहिली जात होती ते कळते. इतिवृत्ताच्या पहिल्याच ओळीत वेळ नोंदलेली असते. ती एवढीशी नोंद वर्षानुवर्षे लावून पाहिली, तर सभासदांचे आयुष्य कसे बदलत गेले याचा आलेख हाती येईल.

जमाखर्चाच्या वह्या तर इतिवृत्तांपेक्षा अधिक बोलक्या असतात. इतिवृत्तात चर्चा सौम्य करून लिहिली जाते, पण खर्चाच्या रकान्यात दुधाचे पैसे, भाड्याने आणलेल्या खुर्च्या, टपाल, एखाद्या विद्यार्थिनीच्या पुस्तकांचे बिल हे सगळे जसेच्या तसे उतरलेले असते. शाखेतून बाहेर गेलेल्या पैशाचे दोन प्रवाह वेगळे काढा. एक मध्यवर्ती पाठ्यवृत्ती निधीकडे जाणारा आणि दुसरा गावातल्याच मुलींसाठी राहिलेला. स्त्री संशोधकांना पाठ्यवृत्ती देण्याची संघटनेची परंपरा १८८८ पासूनची आहे आणि १९१७ पासून ती परदेशी स्त्रियांनाही मिळू लागली. गावातल्या केकविक्रीचा पैसा एखाद्या अनोळखी देशातील विद्यार्थिनीच्या संशोधनाला लागत असे, हे आपल्या वाचकांना ठाऊक नसण्याची शक्यता आहे.

प्रतिसाद ३: सीमारेषा

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, परंतु एका मुद्द्याला कोणी हात लावलेला नाही. शाखेत कोण होते याइतकेच कोण नव्हते, हेही लिहिले पाहिजे. समाजकार्य करणाऱ्या संस्थेच्या इतिहासात ‘समाज’ म्हणजे कोण, हा प्रश्न टाळून चालणार नाही.

‘मान्यताप्राप्त महाविद्यालय’ ही अट वरवर निरुपद्रवी दिसते. संघटनेजवळ मान्य संस्थांची यादी असे आणि ती ठरवताना त्या संस्थेत स्त्री प्राध्यापकांना मिळणारी वागणूक, विद्यार्थिनींच्या सोयी अशा चांगल्या कसोट्याही लावल्या जात. त्यामुळे काही महाविद्यालयांना सुधारणा कराव्या लागल्या, हे श्रेय संघटनेला दिले पाहिजे. पण कृष्णवर्णीयांसाठीची बहुतेक महाविद्यालये या यादीबाहेर राहिली आणि जिथे कागदोपत्री पात्रता होती तिथेही अनेक शाखांनी कृष्णवर्णीय पदवीधरांना दारातच थांबवले. त्या स्त्रियांनी स्वतःची वाट काढली. १९१० मध्ये वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या पदवीधर मंडळाचा आरंभ झाला. त्यातून १९२४ मध्ये ‘नॅशनल असोसिएशन ऑफ कॉलेज विमेन’ ही देशव्यापी संघटना उभी राहिली आणि ल्युसी डिग्ज स्लो तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

कृष्णवर्णीय कार्यकर्त्या मेरी चर्च टेरेल यांचे प्रकरण तर प्रत्येक शाखेच्या इतिहासात यावे, असे मी म्हणेन. ओबर्लिन महाविद्यालयातून १८८४ मध्ये पदवी घेतलेल्या टेरेल पूर्वी संघटनेच्या सभासद होत्या. मध्यंतरी ते सभासदत्व खंडित झाले होते. १९४६ मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, त्यांनी वॉशिंग्टन शाखेत पुन्हा अर्ज केला आणि शाखेने तो नाकारला. मध्यवर्ती संघटना टेरेल यांच्या बाजूने उभी राहिली, शाखा न्यायालयात गेली आणि जिंकली, कारण त्या वेळच्या उपविधींनुसार शाखेवर अशी सक्ती करण्याचा अधिकार मध्यवर्ती संघटनेला नाही, असे न्यायालयाने ठरवले. तेव्हा १९४९ च्या सिएटल अधिवेशनात उपविधीच बदलण्यात आला. पदवीखेरीज दुसरा कोणताही निकष शाखांना लावता येणार नाही, हे प्रचंड बहुमताने मंजूर झाले. वॉशिंग्टन शाखेतील विरोधकांनी बाहेर पडून आपला वेगळा क्लब काढला.

आता आपल्या दप्तरातील १९४६ ते १९५० ची इतिवृत्ते काढून बघा. या अधिवेशनाला शाखेने प्रतिनिधी पाठवला होता का? त्याला किंवा तिला कोणत्या बाजूने मत द्यायला सांगितले होते? चर्चा झाली की विषय न बोलता पुढे सरकवला गेला? आपल्या गावात त्या काळी कृष्णवर्णीय शिक्षिका असतील, तर त्यांना निमंत्रण कधी गेले? जे सापडेल ते सौम्य न करता लिहा. शाखेचा अभिमान वाटणाऱ्या आजच्या सभासदांना ते वाचताना त्रास होईल, पण ज्यांना बाहेर ठेवले त्यांच्या नाती-पणती आज त्याच गावात राहत असतील आणि त्याही ही पुस्तिका हातात घेतील.

सभासदत्वाची दारे नंतरही टप्प्याटप्प्याने उघडली. पुरुषांना १९८७ मध्ये प्रवेश मिळाला आणि पुढे दोन वर्षांची असोसिएट पदवी असलेल्यांनाही. या बदलांवर शाखेत काय बोलले गेले, हेही शोधण्यासारखे आहे.

माळरान

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. बैठकीच्या वेळेची सूचना वाचून मी लगेच वह्या चाळल्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत दुपारच्या बैठका आहेत, त्यानंतर काही वर्षे दुपार आणि संध्याकाळ असे दोन गट चालले आणि शेवटी दुपारचा गट बंद झाला. यावर एक स्वतंत्र प्रकरण करता येईल. १९४९ च्या इतिवृत्तात अधिवेशनाच्या वृत्तांताचा केवळ ‘अहवाल ऐकून घेतला’ एवढाच उल्लेख आहे, तोही मी तसाच देणार आहे आणि त्या वर्षीची वृत्तपत्रे वाचनालयात जाऊन पाहणार आहे.

समाजकार्याच्या मांडणीबद्दल मात्र अजून मार्ग सापडलेला नाही. बालसंगोपनाचा अभ्यासगट, एक बालवाडी, निवडणुकीतील उमेदवारांच्या जाहीर सभा, जुन्या पुस्तकांची वार्षिक विक्री, शाळकरी मुलींसाठी विज्ञानाचे उपक्रम अशी सगळी कामे वेगवेगळ्या दशकांत विखुरलेली आहेत.

प्रतिसाद ४: पाणवठा

संस्थांच्या स्मरणिका मी बऱ्याच वाचल्या आहेत आणि काहींच्या संपादनात भागही घेतला आहे. त्या आधारे सांगतो की प्रत्येक कामाला चार प्रश्न विचारले की जंत्रीचे कथन होऊ लागते. गावात कशाची उणीव होती, ती कोणाच्या लक्षात आली, काम कोणी किती काळ रेटले आणि ते थांबले तेव्हा त्याचे काय झाले? यातील शेवटच्या प्रश्नाकडे स्मरणिकांचे नेहमी दुर्लक्ष होते, आणि मला तर तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बंद पडलेले काम म्हणजे अपयश, अशी समजूत असल्यामुळे लेखक ते गाळतात. प्रत्यक्षात शाखेची बालवाडी बंद झाली ती पुष्कळदा शिक्षणमंडळाने स्वतःचे बालवर्ग सुरू केल्यामुळे. स्त्रियांनी एखादी गोष्ट करून दाखवली आणि मग ती सार्वजनिक जबाबदारी मानली गेली, असा तो प्रवास असतो. आपल्या बालवाडीचे शेवटचे वर्ष आणि गावच्या शाळेतील बालवर्गाचे पहिले वर्ष शेजारी ठेवून पाहा.

बालसंगोपनाच्या अभ्यासगटाला राष्ट्रीय संदर्भ आहे. १९२० च्या दशकात एएयूडब्ल्यूने लॉरा स्पेलमन रॉकफेलर स्मारक निधीच्या साहाय्याने बालविकास आणि पालकशिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला होता. लोईस हेडन मीक या तज्ज्ञ बाई तेव्हा संघटनेच्या शैक्षणिक सचिव होत्या. त्यांच्या कार्यालयातून वाचनाच्या याद्या आणि टिपणे शाखांना जात आणि सभासद एकेका घरी जमून त्यावर चर्चा करत. म्हणजे आपल्या गावातील दिवाणखान्यात बसलेल्या आठ-दहा जणी त्या काळातील अद्ययावत बालमानसशास्त्र वाचत होत्या. त्यांनी नेमके काय वाचले याची यादी वह्यांत सापडली, तर ती संपूर्ण छापा.

पुस्तकविक्रीला मी सर्वाधिक जागा देईन. पैसे उभे करण्याचे साधन म्हणून तिचा उल्लेख दोन ओळींत उरकला जातो, पण ती स्वतःच एक लोकसेवा आहे. वर्षभर लोकांच्या घरून खोकी आणायची, कोणाच्या तरी गॅरेजमध्ये किंवा रिकाम्या दुकानात ती साठवायची, कुबट वास येणारी आणि पाने सुटलेली पुस्तके बाजूला काढायची, उरलेली विषयवार लावायची, पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने किंमत टाकायची आणि अखेरच्या दिवशी उरलेली पुस्तके पिशवीच्या भावाने द्यायची, हे सगळे श्रम सभासदांचेच. ज्या गावात धड पुस्तकाचे दुकान नाही, तिथे या विक्रीतून मुलांच्या घरात पहिली पुस्तके आली असतील. ती पुस्तके विकत घेऊन मोठी झालेली माणसे आज गावात आहेत. त्यांना शोधून त्यांच्या मुलाखती घ्या. पेन्सिलीची ती किंमत अजून असलेले एखादे पुस्तक कोणाच्या कपाटात निघाले, तर त्याचे छायाचित्र पुस्तिकेत अवश्य घाला.

मुलींच्या विज्ञान-उपक्रमांबाबत एवढेच सांगतो की कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये ‘टेक ट्रेक’ नावाची शिबिरे सुरू झाली आणि ती पुढे इतर राज्यांतही गेली. सातवी संपवलेल्या मुली विद्यापीठाच्या आवारात राहून गणित, विज्ञान, संगणक शिकतात आणि त्यांचा खर्च स्थानिक शाखा उचलतात. आपल्या शाखेने कोणाला पाठवले असेल, तर त्या मुली आता नोकरी-व्यवसायात असतील. त्यांच्याकडून लिहून घ्या. मात्र यशस्वी झालेल्याच तेवढ्या निवडू नका.

सभासदसंख्या घटल्याचा काळही झाकू नये. स्त्रियांना पूर्णवेळ नोकऱ्या मिळू लागल्या, त्यांच्या व्यावसायिक संघटना वेगळ्या झाल्या, दुपार मोकळी राहिली नाही. शाखेने ज्या हक्कांसाठी पत्रे लिहिली आणि सभा घेतल्या, ते हक्क मिळाल्यावर शाखेची गरज काहींना कमी वाटू लागली. १९६३ चा समान वेतनाचा कायदा आणि शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणारा १९७२ चा कायदा यांच्या आसपासची पत्रे दप्तरात असतील, ती तपासा.

दप्तरखाना

वरील सर्वांशी सहमत. एक व्यावहारिक गोष्ट राहून गेली होती. पुस्तिका छापून झाल्यावर मूळ कागद पुन्हा कोणाच्या माळ्यावर ठेवू नका. गावचे सार्वजनिक वाचनालय किंवा जवळच्या विद्यापीठाचे अभिलेखागार यांच्याशी आताच बोलणी सुरू करा आणि रीतसर दानपत्र करून दप्तर त्यांच्या स्वाधीन करा. त्यापूर्वी वह्यांतील गंजलेल्या टाचण्या आणि चिकटपट्ट्या स्वतः काढू नका, कागद फाटतो. कात्रणांच्या वहीची पाने सुटी न करता आहेत त्याच क्रमाने स्कॅन करून घ्या. छायाचित्रे शाखेतील सर्वांत वयस्कर सभासदांसमोर ठेवून मागच्या बाजूस मऊ पेन्सिलीने नावे लिहून घ्या. हे काम मात्र पुस्तिकेची वाट न पाहता याच महिन्यात करा.